जात्यावरची ओवी आणि दवाखान्यातली गोळी

दिवाळी अंकात आजाराचा विषय काढू नये, असा एक अलिखित शिष्टाचार आहे. चकलीचा तुकडा मोडत, कथा-कविता चाळत, मधूनच एखाद्या व्यंगचित्राला हसत वाचायचा हा अंक. त्यात उदासीच्या नि दवाखान्याच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु दिवाळीला घरात सगळी माणसे जमतात, आणि त्या सगळ्यांत एखादे माणूस असे असते की ते पणत्यांकडे नुसते पाहत बसते. अभ्यंगस्नानाला उठवले तर उठत नाही, फराळाचे ताट पुढे केले तर मान हलवते. घरची मंडळी पाहुण्यांना सांगतात, "तिला जरा बरे नाही." काय बरे नाही, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही. ते माणूस ज्या दिवसांत सगळ्यांत जास्त एकटे पडते, त्याच दिवसांत त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेख दिवाळी अंकासाठी लिहिला आहे.

मनाच्या आजारात गाणे, चित्र, नाटक, मातीकाम यांचा उपयोग होतो की नाही, असा प्रश्न अलीकडे आमच्या जळगाव-धुळ्याकडेही विचारला जाऊ लागला आहे. हे चांगले लक्षण आहे. पण उत्तर देणारे लोक दोन टोकांना उभे आहेत, आणि मला भांडायचे आहे ते या दोन्ही टोकांशी. एका टोकाची मंडळी म्हणतात, कला हेच खरे औषध. गोळ्या बंद करा, राग ऐका, रंग खेळा, सगळे बरे होईल. दुसऱ्या टोकाची मंडळी म्हणतात, कला म्हणजे वेळ घालवण्याचे साधन. रोग्याला गोळी द्या, आणि गाणीबिणी घरी गेल्यावर काय ती म्हणू द्या. पहिली मंडळी रोग्याला फसवतात, दुसरी त्याला अर्धाच बरा करून सोडतात. दोघांचाही तोटा शेवटी त्या पणत्यांकडे पाहत बसलेल्या माणसाला सोसावा लागतो.

पहिल्या टोकापासून सुरुवात करतो, कारण खानदेशात त्याला एक फार मोठे नाव सापडले आहे, आणि ते नाव आम्हां सगळ्यांच्या हृदयाजवळचे आहे. बहिणाबाई चौधरी. कोणत्याही व्याख्यानमालेला जा, मनःशांती हा विषय निघाला की वक्ता हमखास म्हणतो, "बहिणाबाईंना कुठे मानसोपचारतज्ज्ञ लागला होता? त्यांचे जाते हाच त्यांचा डॉक्टर!" टाळ्या पडतात. मलाही बहिणाबाईंविषयी वक्त्याइतकाच अभिमान आहे. म्हणूनच या टाळ्या मला बोचतात.

बहिणाबाईंचे आयुष्य आठवून पाहा. १८८० साली असोद्याला जन्म. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या वाड्यात आल्या. तिशीच्या आसपास वैधव्य आले. पदरात तीन मुले, त्यांतल्या एकाला प्लेगने कायमचे अपंग केले. शेत, गोठा, चूल, जाते यांत दिवस गेला. अक्षरओळख नव्हती. त्यांनी ज्या ओव्या रचल्या, त्यांतल्या कित्येक हवेत विरून गेल्या. ज्या उरल्या त्या मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका तरुणाने कागदावर उतरवून घेतल्या म्हणून उरल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने बाहेर पडली ती १९५२ साली. म्हणजे सारा महाराष्ट्र ऐकायला बसला, तेव्हा गाणारी उठून गेली होती.

आता त्या वक्त्याला मी विचारतो: हिला तुम्ही उपचार म्हणता? ज्या बाईचे दुःख ऐकायला पहाटेच्या अंधारात दगडाच्या दोन तळ्यांशिवाय कोणी नव्हते, तिच्या एकटेपणाला तुम्ही दवाखाना म्हणता? ती तगली ती तिच्या प्रतिभेच्या आणि जिद्दीच्या बळावर. तिच्याच वेळी, तिच्याच गल्लीत, तशाच जात्यावर बसणाऱ्या आणि तिच्यासारखी प्रतिभा नसलेल्या किती जणी आतल्या आत विझल्या असतील, त्यांची गाणी कोणी छापली नाहीत. तगलेल्या एकीचा दाखला देऊन बुडालेल्यांना विसरणे, हा युक्तिवाद नदी पोहून गेलेल्याकडे बोट दाखवून पूल बांधायचे नाकारण्यासारखा आहे.

आणि तरीसुद्धा त्या जात्यात काहीतरी होते, हे मी नाकारीत नाही. नाकारले तर खोटे बोलल्यासारखे होईल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवून घेतल्या. एवढ्या बाया एवढे गात राहिल्या त्या उगाच नव्हे. काय होते त्या ओवीत? पहिली गोष्ट, ताल. खुंट्याला धरून हात गोल फिरतो, श्वास त्याच्याशी जुळतो, आणि सैरभैर झालेले मन एका चाकोरीत येते. दुसरी गोष्ट, आडोसा. सासूचा जाच, माहेरची ओढ, मेलेले मूल, या गोष्टी साध्या वाक्यात बोलण्याची सोय नव्हती; पण ओवीत बोलले तर ते 'गाणे' ठरत असे, तक्रार नव्हे. तिसरी गोष्ट, सोबत. जात्याला पुष्कळदा दोघी बसत. एक ओळ हिची, पुढची तिची. आपले दुःख दुसरीच्या तोंडून ऐकले की ते आपल्या एकटीचे उरत नाही. ताल, आडोसा आणि सोबत: आजचे शिकलेले कलोपचारक ज्या गोष्टी खोलीत बसून घडवून आणतात, त्यांचे सार या तीन शब्दांत मावते.

जाते गेले, हे बरेच झाले. पहाटे उठून दोन पायल्या दळण्याचा शीण ज्यांनी सोसला नाही, त्यांनीच त्याच्यासाठी उसासे टाकावेत. पिठाच्या गिरणीने बायकांची कंबर सोडवली. पण गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ओवी बुडाली, आणि तिच्याबरोबर तो ताल, तो आडोसा, ती सोबतही गेली. त्यांच्या जागी आपण काय ठेवले, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

आता जगाकडे वळू. ॲड्रियन हिल नावाचा एक इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडून आरोग्यधामात होता. पडल्या पडल्या तो चित्रे काढू लागला, मग शेजारच्या खाटांवरच्या रोग्यांना काढायला लावू लागला. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्याने १९४२ साली रूढ केला. ब्राझीलमध्ये नीसे दा सिल्व्हेरा या डॉक्टर बाईंनी विजेचे झटके आणि मेंदूवरची शस्त्रक्रिया करायला नकार दिला, आणि १९४६ साली रिओच्या मनोरुग्णालयात रोग्यांसाठी चित्रशाळा उघडली. त्या चित्रांचे संग्रहालय १९५२ साली झाले. इकडे जळगावच्या एका निरक्षर बाईची गाणी छापली गेली तेही तेच वर्ष. दोन्हीकडे ज्यांना कोणी ऐकत नव्हते त्यांचे म्हणणे प्रथमच लोकांपुढे आले. फरक एवढाच, की तिकडे ते रोगी जिवंत असताना आले.

हे सगळे भावनेचे झाले, पुरावा काय, असे दुसऱ्या टोकाचे डॉक्टर विचारतील. विचारावेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली एक अहवाल काढला. त्यात कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरचे तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासले आहेत, आणि आजार टाळण्यात, सांभाळण्यात नि त्यावरच्या उपचारात कलांचा हातभार लागतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. नैराश्यावरील संगीतोपचाराचे अनेक प्रयोग एकत्र करून २०१७ साली कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेने सांगितले, की नेहमीच्या उपचारांबरोबर संगीतोपचार दिला तर निदान थोड्या काळापुरता तरी, नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक गुण येतो. यातला 'बरोबर' हा शब्द नीट वाचावा. सारा प्रश्न त्या एका शब्दात आहे.

आणि मी वकील असलो तरी उलट बाजूचा साक्षीदार लपवणार नाही. ब्रिटनमध्ये छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, ४१७ रोग्यांवर चित्रोपचाराचा एक मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा गटात बसवून चित्रे काढायला दिली, तर रोग्यांच्या एकूण कामकाजात किंवा लक्षणांत काही फरक पडला नाही. पुष्कळसे रोगी त्या गटाला फिरकलेच नाहीत. यातून डॉक्टरमंडळी म्हणतील, पाहा, काही उपयोग नाही. मी म्हणतो, एकाच आजारावर, एकाच तऱ्हेने, ज्याला नको त्यालाही दिलेली कला फळत नाही, एवढे यातून कळते. एक औषध एका तापावर चालले नाही म्हणून आपण औषधशास्त्र बंद करीत नाही. पण रागांचे दुकान मांडणाऱ्यांनीही हा निकाल वाचावा, आणि जाहिरात छापण्यापूर्वी जरा थांबावे.

या दुकानदारांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. अमका राग रक्तदाबावर, तमका मधुमेहावर, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, अशी कोष्टके हल्ली घरोघर फिरतात. ज्या बाईने जन्मात कधी दरबारी ऐकला नाही, तिच्या कानाशी तो लावून ठेवला तर झोप येण्याऐवजी डोके उठेल. तिला झोप येईल ती तिच्या आईने म्हटलेल्या झोक्याच्या गाण्याने. संगीताचा गुण नुसत्या स्वरांत नसतो. ऐकणाऱ्याच्या आठवणीशी, आवडीशी आणि समोर बसलेल्या माणसाशी त्याचा संबंध असतो. ज्याला हे कळत नाही तो गवई असेल, वैद्य खचित नाही. आणि जो गोळ्या बंद करायला सांगतो तो तर कोणीच नाही.

कला एकटी पुरत नाही, याचा दाखला मला परगावी शोधायला नको. अंमळनेरच्या शाळेतले साने गुरुजी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि ती अठरा प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली. तुरुंगाच्या भिंतीआड ते बोलणे ऐकून किती कैद्यांच्या मनाला उभारी आली असेल! पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. तिने मराठी घरांना रडवले आणि रडवून हलके केले. असा माणूस, ज्याने लेखणीने लाखोंचे अश्रू पुसले, त्याने ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन स्वतः संपवले. कारणांची चिरफाड मी करणार नाही. तो अधिकार माझा नाही. एवढेच म्हणतो, की लिहिणे माणसाला तारतेच, हे ज्यांना छातीठोकपणे सांगायचे असेल त्यांनी आधी अंमळनेरला जाऊन मान खाली घालून उभे राहावे. फार मोठे मनही आजारी पडू शकते, आणि आजारी मनाला कलेइतकीच वैद्याची, सोबतीची, वेळेवर धरलेल्या हाताची गरज असते.

मग खानदेशात तो हात आहे का? महाराष्ट्र सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुण्याचे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. या चारांत खानदेशातले एकही नाही. जळगावहून ठाणे रेल्वेने पावणेचारशे किलोमीटरांहून लांब. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा पातळीवरचा १९९६ साली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आमच्या शिवेला शीव लागलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. त्या पाहणीत असे दिसले, की निरनिराळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रोग्यांना उपचारच मिळत नाहीत. तापी ओलांडली की हा आकडा एकदम सुधारत असेल, असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

आणि उपचाराला पोहोचला तरी रोगी बोलतो कोणत्या भाषेत? धुळ्याकडचा माणूस अहिराणी बोलतो, जळगाव-यावलकडचा लेवा बोली, सातपुड्यातला पावरी किंवा भिली. डॉक्टर पुस्तकी मराठीत विचारतो, "उदास वाटते का?" उदास हा शब्द त्या बाईने कवितेच्या पुस्तकातसुद्धा वाचलेला नसतो. ती म्हणते, "मना जीव लागत नही." किंवा तेही म्हणत नाही; डोके जड आहे म्हणते, छातीत धडधडते म्हणते, हातापायांत मुंग्या येतात म्हणते. मग डोक्याची गोळी, छातीची गोळी, मुंग्यांची गोळी, आणि मूळ दुखणे तसेच. तिच्याकडे तिच्या दुःखाची भाषा नाही, असे कोणी म्हणू नये. अखाजीला झोक्यावर ती हेच गाते. भाद्रपदात गुलाबाई मांडून मुली सासरच्या जाचाची गाणी फेर धरून म्हणतात. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर गाणी चालतात. भाषा आहे, भरपूर आहे. पण दवाखान्याच्या उंबऱ्याशी चपलांबरोबर तीही बाहेर काढून ठेवावी लागते.

माझ्या नात्यातली एक बाई धुळे तालुक्यात दिलेली आहे. तिचा हाताशी आलेला मुलगा गेला. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. घरच्यांनी आधी भगताकडे नेले, लिंबू-नारळ झाले, दोन महिने वाया गेले. मग शहरात मनाच्या डॉक्टरांकडे आणले. गोळ्या सुरू झाल्या. झोप लागू लागली, चार घास पोटात जाऊ लागले. पण शब्द काही फुटेना. डॉक्टर विचारीत, ती खाली पाही. वैशाखात अखाजीला तिला माहेरी आणले. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. पहिल्या दिवशी ती ओट्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी भावजयांनी तिला झोक्यावर बसवले. तिसऱ्या दिवशी एका गाण्याची पुढची ओळ तिने हळूच पुरी केली. मग झोका थांबवून इतकी रडली, की आम्ही घाबरलो. त्या रात्री तिने वहिनीला मुलाविषयी सांगितले, बोलता बोलता पहाट झाली. पुढच्या खेपेला तेच तिने डॉक्टरांना सांगितले, आणि प्रथमच त्यांना कळले की आपण कशावर औषध देत आहोत. गोळी नसती तर ती झोक्यापर्यंत आलीच नसती. झोका नसता तर गोळीला तिचे दुःख कळलेच नसते. यापेक्षा अधिक मला काही सिद्ध करायचे नाही. ती अजूनही पुरती बरी नाही. पण आता ती बोलते, आणि गोळ्याही घेते.

हाच झोका अखाजीची वाट न पाहता, बारा महिने, दवाखान्याच्या आवारात का असू नये? यावर उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर, "आम्हीही कलेचे कार्यक्रम घेतो." घेतात, हे खरे. एका दवाखान्यातला असा कार्यक्रम मी पाहिला आहे. १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. रोग्यांना सकाळपासून अंघोळी घालून रांगेत बसवलेले. रांगोळ्या त्यांच्याकडून काढून घेतलेल्या, पण रंग कोणता भरायचा ते परिचारिकांनी ठरवलेले. साहेब दोन तास उशिरा आले, फोटो निघाले, नारळ फुटला, आणि पाण्याच्या बादलीने रांगोळ्या धुऊन टाकल्या. एका म्हाताऱ्याने आपली रांगोळी धुऊ देऊ नये म्हणून हात आडवा धरला होता. त्याला उचलून आत नेले. त्याने काय काढले होते, हे कोणी विचारले नाही. याला जर कोणी कलोपचार म्हणत असेल तर वरातीतल्या घोड्याला प्रवासी म्हणायला हरकत नाही.

दुसरे उत्तर, "बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते, एकेका रोग्याला पाच मिनिटेही मिळत नाहीत, गाणी कधी म्हणायची?" या उत्तरातली अडचण खरी आहे, आणि डॉक्टरांविषयी मला सहानुभूतीही आहे. पण गाणी डॉक्टरांनी म्हणावीत असे कोण म्हणते? त्यासाठी शिकलेली वेगळी माणसे असतात. देशात असे शिक्षण देणाऱ्या संस्थाही आहेत. एक शिकलेला माणूस दहा-बारा रोग्यांना घेऊन दीड तास बसला, तर त्या दीड तासात जे बाहेर येईल ते डॉक्टरांची पाच मिनिटे वाया जाऊ देणार नाही. वेळ कमी आहे म्हणूनच ही मदत हवी.

तिसरे उत्तर आमच्या साहित्यिक बांधवांचे. कलेला दवाखान्यात राबवणे म्हणजे तिला मोलकरीण करणे, असे त्यांना वाटते. फडके-खांडेकरांच्या काळापासून चाललेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद त्यांना आठवतो, आणि ते फडक्यांच्या बाकावर जाऊन बसतात. बसू द्या. दवाखान्यातल्या त्या खोलीत कोणी उत्तम चित्र काढावे अशी अपेक्षाच नसते. वेडावाकडा मातीचा बैल झाला तरी चालतो. तिथे कलेची परीक्षा नसते, म्हणून कलेचा अपमानही होत नाही. आणि बहिणाबाईंनी ओव्या रचल्या त्या कोणत्या वादाच्या कोणत्या बाजूने, हे या मंडळींनी मला सांगावे.

महाराष्ट्रात हे कोणी केलेच नाही, असेही नाही. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. अवचट स्वतः लाकडात मूर्ती कोरीत, कागदाच्या घड्या घालीत, बासरी वाजवीत. आणि व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसाच्या रिकाम्या हातांना काहीतरी काम हवे, हे त्यांना पुस्तकाआधी स्वतःच्या हातांनी कळले होते. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञही आहेत आणि नटही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या 'देवराई' या चित्रपटाने छिन्नमनस्कता म्हणजे काय, हे हजारो घरांना समजावले. पुण्याला जमते ते धुळ्याला का जमू नये? धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून आहे. आणि त्याच २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले. नाव दिले, फार चांगले केले. आता त्या नावाला शोभेल असे काहीतरी काम करावे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. धुळे आणि जळगाव येथील सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात एक खोली द्यावी. तिच्यात ढोलकी, पेटी, डफ, कागद, रंग, काळी माती एवढे सामान असावे. दूरचित्रवाणी संच नसावा. आठवड्यातून निदान दोनदा तिथे गट बसावा, आणि तो चालवायला शिकलेला, पगारी माणूस नेमावा. हौशी मंडळींच्या सवडीवर हे सोपवू नये. त्याला अहिराणी किंवा लेवा बोली यावी. वही गाणारी मंडळे, तमाशातले वयस्क कलावंत, झोक्याची गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या यांना मानधन देऊन बोलवावे. पण रोगी कसा सांभाळायचा हे त्यांना आधी शिकवावे, कारण उघडी केलेली जखम बांधता आली नाही तर ती न उघडलेलीच बरी. कोणालाही जबरदस्तीने गाऊ लावू नये. आणि गोळी बंद करण्याचा शब्द त्या खोलीत कोणी काढू नये. तो अधिकार शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांचा. याची नोंद ठेवावी, वर्षाने तपासावी, आणि उपयोग दिसला नाही तर पद्धत बदलावी.

ही काही दयेची भीक नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे तो म्हणतो; रोग्याला साखळदंडाने बांधायला तो मनाई करतो; आणि उपचारसंस्थेत राहणाऱ्याला विरंगुळा, करमणूक, शिक्षण यांच्या वाजवी सोयी मिळाल्या पाहिजेत, असेही त्यात लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांना जे सुचले ते अंमल करणाऱ्यांना का सुचू नये?

आता वाचकहो, तुमच्याशी. सरकारने खोली द्यायची तेव्हा देईल. तुमच्या घरात आज दिवाळी आहे. जे माणूस कोपऱ्यात बसले आहे, त्याला "जरा हास ना" असे म्हणू नका. हसू मागून मिळत नाही. रांगोळी काढताना चिमूटभर रंग त्याच्या हाताशी ठेवा, भरला तर भरला. किल्ला करणाऱ्या पोरांना त्याच्याजवळ चिखल कालवू द्या. त्याला येत असलेले एखादे जुने गाणे तुम्हीच चुकीचे म्हणा. कदाचित ते दुरुस्त करील. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याची झोप, भूक, जीव लागणे गेलेले असेल, तर भाऊबीज झाल्या झाल्या त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. भगताकडे नव्हे, राग विकणाऱ्याकडेही नव्हे. मरणाची भाषा निघाली, तर भाऊबीजेचीही वाट पाहू नका, त्याला एकटे सोडू नका. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस'ची सरकारी सेवा दिवसरात्र, फुकट आणि मराठीत बोलते.

बहिणाबाईंच्या ओवीला ऐकणारे कान फार उशिरा मिळाले. आज खानदेशात कितीतरी ओव्या ओठांशी येऊन परत फिरत आहेत. त्या दगडालाच ऐकवाव्या लागू नयेत, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे.